पाय धुवायचा दगड

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. इथं लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात ते मी वाचते, दुकानात गिऱ्हाईक नसलं की तेवढाच टाइमपास... आणि खरं बोलायचं तर बऱ्याच वेळा हसते. घाटात लिफ्ट मागणारी ती पांढऱ्या साडीतली बाई प्रत्येकाच्या मामाच्या मित्रालाच का भेटते, हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्या दुकानाच्या दाराला मिस्टर दर शनिवारी लिंबू-मिरची बांधतात आणि मी दर रविवारी ती केरात टाकते. त्यावरून आमची भांडणंही झालीत. तेव्हा मी लिहितेय ते कुणाला घाबरवायला नाही. माझ्या वडिलांचं झालं ते झालं, आणि ते मला कुणापाशी तरी एकदा नीट सांगायचंय. घरात तो विषय काढायची सोय नाही.

दौंडला आमचं चपला-बुटांचं दुकान आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून गल्ल्यावर मीच बसते. या धंद्यात एक खोड लागते — माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायाकडे बघायची. कोण टाच घासत चालतं, कोण आतल्या बाजूला भार देतं, कुणाची चपल कुठं झिजणार, हे मला माणूस पायरी चढतानाच कळतं. लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हाही मी आधी मुलाचे बूट बघितले होते. हसू नका, त्यात बरंच कळतं.

माहेर भांडगावच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याला. गावात नाही, वस्तीवर. डोंगरावर जुना गड आहे. आता बुरुजाचे एक-दोन ढिगारे आणि पाण्याचं एक टाकं, एवढंच उरलंय. गडाच्या उतारापासून आमच्या शेतापर्यंत माळ आहे, आणि त्या माळावर दगडांची गोल गोल रिंगणं आहेत. मोठमोठे काळे दगड गोल मांडलेले आणि मधे मातीचं उंच टेकाड. लहानपणी आम्हाला सांगायचे, इथं गवळीराजाच्या गाई बसायच्या. आम्हाला ते पटायचं. आता वाटतं, गाई बसवायला मधे टेकाड कशाला हवं? पण लहानपणी असले प्रश्न कुणी विचारत नाही.

त्यातलं एक रिंगण आमच्या वावरात येतं. यायचं, असं म्हणायला पाहिजे.

घरात आप्पा — म्हणजे माझे वडील — धाकटा भाऊ संदीप आणि त्याची बायको मनीषा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आप्पा साधा माणूस. फुलं आणि ऊस, एवढंच त्यांचं जग. पण पाहुणचाराच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरू शकलं नसतं. रस्ता चुकलेला टेम्पोवाला वस्तीवर आला तरी आधी त्याला पाय धुवायला पाणी, मग चहा आणि मग रस्ता. आई चिडायची. आप्पा म्हणायचे, "दारात आल्यालं मानूस हाय. त्येला इचारायचं नसतं, आदी पानी द्याचं असतं."

आप्पांच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. तरुणपणी बैलानं पाय दिला होता आणि हाड तसंच वेडंवाकडं जुळलं. त्यामुळे तयार चपल त्यांना कधी बसली नाही. त्यांचा जोड मी मुद्दाम सांगून करून घ्यायची. डावी चपल जरा रुंद, पट्टा सैल. आप्पा तो जोड घालून गावात गेले की चार जणांना सांगून यायचे, "लेकीनं केल्यात." त्यांना शुगर होती, गोळ्या चालू होत्या. तेही सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल लपवलं.

गेल्या वर्षी संदीपनं ठरवलं, दसऱ्याच्या झेंडूसाठी ते रिंगणाचं वावर सपाट करून ठिबक टाकायचं. त्याचंही बरोबर होतं. पिढ्यान् पिढ्या नांगर त्या टेकाडाला वळसा घालून जायचा आणि तेवढी जमीन पडीक राहायची. आप्पा म्हणाले, "राहू दे की लेका, तुजं काय खातंय ते?" पण तरुण पोराचं आणि म्हाताऱ्याचं भांडण कोण जिंकतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. उन्हाळ्यात जेसीबी आला.

त्या दिवशी मी माहेरीच होते. जेसीबीवाला बिहारकडचा होता, गप्प काम करणारा. टेकाड अर्धं निघाल्यावर त्यानं मशीन बंद केलं आणि आम्हाला हाक मारली. खाली काळी-तांबडी मडकी फुटलेली होती आणि त्यांच्या मधे हाडं. उताणं निजवलेलं माणूस असावं तसं.

"पूरा आदमी है भैया," तो म्हणाला. "बस पंजे नहीं हैं. दोनों पैर के."

संदीप वाकून बघत म्हणाला, "बकेटनं तुटलं असत्याल."

जेसीबीवाल्यानं नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, कुणाला तरी कळवायला हवं का, तलाठ्याला वगैरे? संदीपनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. कळवलं की काम बंद, हे आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्या हाडांवर टाकला, सगळं गोळा केलं आणि ओढ्याकाठी खड्डा करून पुरलं. वर हळद-कुंकू वाहिलं. मला ते आवडलं होतं. निदान कुणीतरी माणसासारखं वागलं.

रिंगणाचे दगड बांधाला लावले. त्यातला एक मात्र सपाट होता, पाटासारखा. हाडांच्या डोक्याशी होता की पायाशी, ते आता कुणालाच सांगता येत नाही. संदीपनं तो ट्रॉलीत घालून घरी आणला आणि दारात बसवला, पाय धुवायला. आमच्याकडे शेतातून आलं की दारातल्या दगडावर पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, ही आईच्या वेळची शिस्त आहे. आधीचा दगड छोटा होता, एक पाय मावायचा. हा चांगला ऐसपैस. शेजारी पाण्याचं निळं पिंप आणि त्यावर पाणी घ्यायचा जग. आता यात कुणाला काय वावगं दिसेल? मलाही दिसलं नाही. उलट मी म्हटलं, छान झालं.

मग आखिती आली. अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांना पाणी देतात. नवा मातीचा करा भरून ठेवायचा, पुरणपोळी, आमरस, नैवेद्य. मी मुक्कामाला गेले होते. आप्पांनी आजोबा-पणजोबांच्या नावानं पाणी सोडलं, आईच्या नावानं सोडताना जरासे थांबले. मग तांब्या घेऊन दारात आले आणि त्या नव्या दगडावर पाणी ओतलं.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"ज्येंचा दगड हाय त्येंला," आप्पा म्हणाले. मग दगडाकडे बघून, एखाद्या पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाले, "तुमची जागा आमी मोडली. पोरगं हाय, समज न्हाई त्येला. राग धरू नका. पाय धुवा, घरात या, दोन घास खावा."

मी हसले होते. अगदी खरं सांगते, मला ते गोड वाटलं. आप्पांना ज्याचा त्याला मान दिल्याशिवाय चैन पडायचं नाही, आणि ते कुणाला घाबरूनही नसायचं.

दुपारी जेवणं झाली आणि सगळे आडवे झाले. पुरणपोळीनंतर आमच्या घरात कुणी शुद्धीवर नसतं. मी पाण्याची बाटली भरायला उठले आणि बाहेरच्या खोलीत आले. दार सताड उघडं होतं. बाहेर ऊन इतकं की डोळे दिपावेत.

फरशीवर ओल्या खुणा होत्या.

दारातल्या दगडापासून सुरू होऊन उंबरा ओलांडून आत आलेल्या. गोल. तांब्याचं बूड टेकवावं तेवढ्या. मला आधी वाटलं, मनीषानं ओला तांब्या ठिकठिकाणी ठेवला असेल. मग वाटलं, असं कोण ठेवतं? एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे अंतर सारखं... मी आयुष्यभर माणसांना चालताना बघतेय. ही चाल होती. जरा फताडी आणि तोल सांभाळत टाकलेली, पण चालच. फक्त पाऊल जिथं उमटायला हवं तिथं गोल ठसा.

त्या उन्हात ओली फरशी बघता बघता सुकते. दाराजवळचे ठसे माझ्या डोळ्यांदेखत विरत होते, आणि आतले ताजे होते. ते आप्पांच्या कॉटपर्यंत गेले होते. कॉटच्या पायथ्याशी दोन ठसे शेजारी शेजारी होते, कुणीतरी उभं राहावं तसे. आप्पा गाढ झोपले होते. त्यांचे पाय चादरीबाहेर आलेले होते.

मी काय केलं असेल? मी फडकं आणलं आणि पुसून काढलं. का, ते मला सांगता येणार नाही. ओरडले नाही, कुणाला उठवलं नाही. पुसताना पाणी मात्र बर्फासारखं गार लागत होतं. ते पिंप सकाळपासून उन्हात होतं, त्यातलं पाणी हाताला चटका देत होतं.

दौंडला परत आले आणि स्वतःला समजावलं. उष्मा, जड जेवण, अर्धवट झोप. मिस्टरांना सांगितलं नाही. लिंबू-मिरचीवाल्याला आयतं कोलीत कशाला द्यायचं?

नंतर मनीषाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "ताई, एक इचारू? हसू नका. दुपारचं आपल्या फरशीवर गोल गोल वलं काय उमटतंय ओ? मी आदी म्हटलं पिंप गळतंय. पन त्ये तर दारात हाय."

"रोज?" मी विचारलं.

"रोज न्हाई. आप्पा झोपल्यावर."

मी तिला म्हटलं, पुसून टाकत जा आणि आप्पांना बोलू नकोस. ती म्हणाली, "आप्पास्नी ठावं हाय."

मी त्याच आठवड्यात गेले. आप्पा कॉटवर बसले होते, पायांवर जाड घोंगडी, तीही अशा उकाड्यात. मी पाय हातात घेतले तर गारठलेले. रंगही उतरलेला. मी विचारलं, "आप्पा, दुखतंय का?"

"दुखत न्हाई. कायच कळत न्हाई. जनू माजं न्हाईतच."

"कधीपासून?"

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "दुपारचं कुनीतरी येऊन पायाशी बसतं, सुरे. आदी वाटलं मनीषा हाय. पाय हातात घेतंय, चाचपून बघतंय. तरास काय देत न्हाई."

मी त्यांना तिथल्या तिथे गाडीत घालून दौंडला डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांनी पायाच्या तळव्याला पिन टोचली, आप्पांना कळलंही नाही. दोन्ही टाचांना जखमा होत्या. कशाच्या, केव्हाच्या, आप्पांना पत्ता नव्हता. डॉक्टर म्हणाले, शुगर. पायांचं रक्ताभिसरण गेलंय, संवेदना गेली आहे, अशा पेशंटना जखम झालेली कळतच नाही. ते सगळं बरोबर आहे. मी त्यांना एका शब्दानंही खोटं पाडत नाही. शुगरनं पाय जातात, माझ्या दुकानात तसली गिऱ्हाइकं येतात. पण आप्पांची शुगर इतकी वर्षं ताब्यात होती आणि दोन्ही पाय एकदम, एकाच रेषेत, घोट्याच्या बरोबर खाली काळे पडत चालले होते. दोरी बांधून आखल्यासारखे. डॉक्टरही म्हणाले की असं दोन्हीकडे सारखं सहसा दिसत नाही.

आप्पांना ॲडमिट केलं. त्याच दिवसांत आमच्याकडे एक निवृत्त सर मऊ सँडल घ्यायला आले. शाळेत इतिहास शिकवायचे, फार बोलतात, एरवी मी टाळते. त्या दिवशी मीच विचारलं — सर, गडाखाली माळावर ती दगडांची रिंगणं आहेत, ती कसली हो?

"थडगी," सर म्हणाले. "फार जुनी. गडाच्याही कितीतरी आधीची."

मी विचारलं, पुरलेल्या माणसाला पाय नसतात का?

सरांनी सँडल खाली ठेवली. "तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, सहज. मग त्यांनी सांगितलं की शेजारच्या शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी, हजारो वर्षांपूर्वीची वस्ती खणून काढली होती. तिथं मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेले सापडले. "ते लोक वेगळे आणि रिंगणवाले वेगळे, त्यांची सरमिसळ करू नका," हेही त्यांनी दोनदा बजावलं. "पण आपल्याकडे ही रीत होती, एवढं नक्की."

"कशासाठी तोडायचे?"

"पक्कं कोण सांगणार? अभ्यासकांना वाटतं, मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून. जिथं ठेवला तिथंच राहावा."

सरांनी सँडल घेतली की नाही, मला आठवत नाही. मी शटर ओढलं आणि हॉस्पिटलला गेले. डोक्यात एकच. ज्यांनी जागचं हलू नये म्हणून त्यांच्याच लोकांनी एवढं केलं, त्यांना माझ्या बापानं आखितीच्या दिवशी पाणी देऊन घरात बोलावलं होतं. पाय धुवा म्हणून. आणि धुवायला त्यांना पायच नव्हते.

आप्पांना दुपारचा डबा भरवून झाला होता. संदीप औषधं आणायला खाली गेला होता. मी कॉटशेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं, सरांनी सांगितलेलंही. मला वाटलं होतं आप्पा घाबरतील. ते शांत ऐकत राहिले.

"आप्पा, तुम्ही बोलावलं ना त्यांना? मग तुम्हीच सांगा जायला. एकदा म्हणा, जा म्हणून. मी तांब्याभर पाणी आणते, इथूनच सोडा."

"सुरे, आल्या पावन्याला जा म्हनायचं? आपल्या घरात कवा झालंय का?"

"हे पाहुणे नाहीत आप्पा!" माझा आवाज चढला. शेजारच्या कॉटवरची बाई वळून बघू लागली. "तुमचे पाय चाललेत. उद्या डॉक्टर पाय काढायची तारीख देतील. कळतंय का तुम्हाला?"

आप्पांनी माझा हात थोपटला. "कळतंय की. पन तूच इचार कर. पाय न्हाईत, तरी आलं. खुरडत आलं असत्याल. किती वर्सांनी कुनी बोलावलं आसंल त्येंला?" मग म्हणाले, "माजं चालून झालंय, बाळा."

मी रडले. रागानं रडले. एवढा चांगुलपणा कुठल्या कामाचा, असं मी तोंडावर बोलून गेले. आप्पा नुसते हसले आणि डोळे मिटून पडले.

संदीपला मी जिन्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसला असं नाही, पण त्याचा चेहरा बघून मला कळलं की फरशीवरच्या खुणा त्यानंही बघितल्यात आणि बोलला नाहीये. तो लगेच निघाला. दगड उचकटला, ट्रॉलीत घातला आणि माळावरच्या दुसऱ्या एका रिंगणात नेऊन ठेवला. आमचं रिंगण तर सपाट झालं होतं, त्यात झेंडूची रोपं लागली होती. त्यानं नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाला, चुकलं, पदरात घ्या. हे त्यानं मला फोनवर सांगितलं तेव्हा त्याचा आवाज लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मनीषाचा फोन आला. दगडाच्या जागी नुसता खड्डा होता, कोरडा ठणठणीत. खुणा त्या खड्ड्यापासून सुरू होऊन आत आल्या होत्या. कॉट रिकामी होती तरी कॉटच्या पायथ्याशी जाऊन थांबल्या होत्या.

ऑपरेशनच्या आधी नर्सनं पाय स्वच्छ करायला सांगितले. ते मी केलं. कोमट पाणी, कापूस, साबण. टाचेला शेतकऱ्याच्या असतात तशा भेगा होत्या, डाव्या टाचेला एक मोठी, आडवी, विजेसारखी वाकडी. त्या करंगळीखालची खाच मी बोट घालून पुसली. इतकी वर्षं मी या पायांची मापं घेतली होती, कधी धुतले नव्हते. आप्पा वरून बघत होते. म्हणाले, "गुदगुल्या व्हाया पायजेत, पन व्हत न्हाईत."

दोन्ही पाय घोट्याच्या वरून काढावे लागले. डॉक्टरांनी शक्य ते सगळं केलं, माझी कुणाबद्दल तक्रार नाही. त्या दिवसापासून घरातल्या फरशीवर खुणा यायच्या बंद झाल्या. मनीषा रोज दुपारी बघायची. एकदम बंद.

आम्हाला वाटलं, जे न्यायचं होतं ते नेलं, आता आप्पा तरी राहतील. संदीप कृत्रिम पायांची चौकशी करायला लागला. मी कारागिराला विचारूनही ठेवलं होतं, तसल्या पायाला चपल कशी करायची. पण जखम भरेना. इन्फेक्शन रक्तात गेलं. भाद्रपदात एका सकाळी, मी चहा आणायला खाली गेले होते तेवढ्यात आप्पा गेले.

वस्तीवर आणलं. भांडगाव, यवत, पार मांडवगण फराट्यापर्यंतचे पाहुणे आले. आप्पांनी ज्याला ज्याला पाणी दिलं होतं तो प्रत्येक माणूस आला असेल. आणि प्रत्येक जण पाया पडायला म्हणून पायथ्याकडे जायचा आणि तिथं चादर सपाट बघून थबकायचा. काय करावं कळायचं नाही. काही जण तिथल्या रिकाम्या चादरीलाच हात लावून कपाळाला लावत होते. ते मला बघवलं नाही. आजही डोळे मिटले की दिसतं.

आमच्याकडे अजून एक रीत आहे. देह उचलला की त्या जागी पीठ पसरतात, दिवा लावतात आणि वर मोठी पाटी पालथी घालतात. तिसऱ्या दिवशी सावडून आले की पाटी उचलून बघतात. पिठात खूण उमटते म्हणे. पक्ष्याची, गुराची, माणसाची... त्यावरून गेलेल्याला पुढचा जन्म कुठला ते कळतं. मी याला कायम हसत आले. उंदीर फिरतो, दिव्याची काजळी पडते आणि बायका त्यात मोर बघतात. आईच्या वेळी तर शेजारणींचं मोर की बदक यावरून वाजलं होतं.

आप्पांच्या वेळी पीठ परातीत पसरलं होतं आणि वर फुलांची मोठी पाटी ठेवली होती. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली मनीषाच्या कमरेला. सकाळी नदीवरून आलो, आत्याबाईंनी पाटी उचलली आणि "अगं बाई" म्हणून तिथंच बसल्या.

पिठात पाऊल होतं. अख्खं. माणसाचं, डावं. कुणीतरी नीट ठेवून उचलल्यासारखं.

सगळे पुढे सरकले. कुणीतरी म्हणालं, माणसाचा जन्म भेटला, पुण्यवान. आत्याबाई रडत म्हणाल्या, "देवानं पाय परत दिलं रे माज्या भावाला." संदीप माझ्याकडे वळला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले.

"ताई, तू बघ. तुला पायातलं कळतं. आप्पांचंच हाय ना?"

मी गुडघे टेकून वाकले. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. टाचेवर ती आडवी, वाकडी भेग. पण भार... आप्पा भार टाचेवर द्यायचे. त्यांच्या प्रत्येक जोडाची टाच आधी झिजायची, वर्षानुवर्षं मीच बदलून द्यायची. या पावलात टाच जेमतेम उमटली होती. सगळा भार चवड्यावर होता, आणि बोटं पिठात खोल रुतलेली, घट्ट पकडल्यासारखी. पाऊल टाकायची सवय नसलेल्या लहान लेकराची रुततात तशी.

डॉक्टरांकडे शुगरचं उत्तर आहे, सरांकडे इतिहासाचं आहे, आत्याबाईंकडे देवाचं आहे. माझ्याकडे कुठलंच नाही, आणि इतके महिने विचार करूनही सापडलेलं नाही. कुणी म्हणेल, दुःखात बाईला काहीही दिसतं. म्हणा, माझी हरकत नाही.

त्या दिवशी संदीप उत्तराची वाट बघत होता, आणि सगळी खोली माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हटलं, "पाय आप्पांचाच आहे."

संदीप हुंदके देऊन रडला. सगळ्यांनी हात जोडले, कुणीतरी परातीवर फुलं वाहिली. मी खोटं बोलले नाही. पाय आप्पांचाच होता. त्या पायावर उभं कोण होतं, हे मला कुणी विचारलं नाही.